साडेचार व्होल्ट कुठे अडकले?

(दृश्य: कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, पावसाळी सकाळ. उघड्या शटरसमोर उभी एक पेट्रोल मोटार; मागचे आसन काढून बाहेर ठेवलेले आहे.)

ही मोटार आज सकाळी स्वतःच्या इंजिनावर चालत गॅरेजपर्यंत आली आहे आणि तिच्या दुखण्याची खरी अडचण तीच आहे. गगनबावड्याकडे रोज जाणाऱ्या एका शिक्षकांची ही गाडी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते, वाटेतल्या कळे गावाच्या आसपास पोहोचेपर्यंत तिची ओढ कमी होते, मग ती बंद पडते, आणि वीस मिनिटे थांबल्यावर काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा चालू लागते. महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी तिचा पेट्रोल पंप बदलण्यात आला. चार दिवसांनी गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर उभी राहिली.

"सर, पंपाचं नंतर बोलू," येथील वायरिंगचे मिस्त्री त्यांना सांगतात. "आधी त्याला करंट पुरेसा पोचतोय का, ते बघूया."

फ्यूल इंजेक्शन असलेल्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. चावी फिरवल्यावर मागून सुमारे दोन सेकंद येणारी बारीक गुणगुण त्याचीच असते. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा संकेत क्रँक सेन्सरकडून येत राहिला तरच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रिले (पंपाला वीज देणारा स्विच) चालू ठेवतो. अपघातात इंजिन थांबले, तर पंपाने फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहू नये, यासाठी ही योजना आहे. बॅटरीचा करंट फ्यूजमधून रिलेकडे, रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकातून 87 क्रमांकाकडे, तेथून लांब वायरने मागच्या आसनाखालील कप्लरपर्यंत (वायरी जोडणाऱ्या प्लगपर्यंत), पंपातून आणि शेवटी अर्थच्या वायरने गाडीच्या पत्र्यावर जातो. या शेवटच्या टप्प्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात.

फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेस्ट लॅम्प पेटला. रिले त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, तरी फरक पडला नाही. हे दोन मिनिटांचे काम होते.

पुढची पायरी मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण आधीच्या तपासणीची दिशा बहुधा येथेच चुकली असावी. मिस्त्रींनी पंपाचा कप्लर काढला, रिलेच्या जागी फ्यूज असलेली वायर जोडून सर्किट चालू ठेवले आणि कप्लरच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावला. आकडा आला 12.4 व्होल्ट. वीज पोहोचते आहे, म्हणजे पंपच खराब आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह याच क्षणी होतो. परंतु मल्टीमीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असल्यामुळे त्याच्यातून नगण्य करंट वाहतो, आणि करंट वाहत नसेल तर गंजलेला सांधासुद्धा पूर्ण व्होल्टेज पुढे जाऊ देतो. मग त्याच टोकांवर ब्रेक लाइटचा 21 वॅटचा बल्ब जोडला. तो पेटला, नजरेला ठीकही वाटला. मीटर मात्र 11.1 वर उतरला. पावणेदोन अँपिअरच्या ओझ्याने हा फरक पडत असेल, तर चार अँपिअर घेणाऱ्या पंपाचे काय होत असेल?

(दृश्य: कप्लर पुन्हा जोडलेला, त्याच्या मागून आत सरकवलेल्या बारीक सुया. इंजिन चालू आहे.)

आता मोजमाप पंप चालू असताना होते. उघड्या टाकीजवळ एक ठिणगीही महागात पडू शकते, म्हणून टाकीचे झाकण बंद आहे, गाडीचे सर्व दरवाजे उघडे आहेत आणि मीटरच्या जोडण्या इंजिन सुरू करण्याआधीच केलेल्या आहेत. बॅटरीवर 14.0 व्होल्ट आहेत. बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या धन टोकापर्यंत 0.3 व्होल्टची घट दिसते, जी चालण्यासारखी आहे. पंपाच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ती 0.2 च्या आत हवी. मीटर 2.8 दाखवतो.

पंचवीस मिनिटांनी तोच आकडा 4.5 झाला. पंपाच्या वाट्याला आता केवळ 9.2 व्होल्ट उरले, त्याचा वेग घटला आणि पेट्रोलचा दाब इंजिनाला पुरेनासा झाला. साडेचार व्होल्ट आणि चार अँपिअर म्हणजे एका सांध्यावर जळणारी 18 वॅट उष्णता. सांधा तापला की त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की तो आणखी तापतो. गाडी उभी राहून थंड झाली की सांधाही निवतो. वीस मिनिटांच्या विश्रांतीचे कोडे येथे सुटते.

अर्थची वायर डिकीच्या डाव्या कोपऱ्यात पत्र्याला बोल्टने कसलेली होती. वायर हातात धरत मागे गेल्यावर तो बोल्ट दिसला: वॉशरखाली तांबूस गंज, वायरच्या टोकावर हिरवट कीट आणि तापून काळे पडलेले प्लास्टिक. त्याच्या बरोबर वर मागच्या दिव्याचे रबर फाटले होते. गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्या कोणालाही पाणी कोठून आले, हे सांगावे लागणार नाही. मला या शोधात सर्वांत मोलाची वाटली ती मिस्त्रींची बोल्ट सापडल्यानंतरची वागणूक, कारण ते तेथे थांबले नाहीत, तर पाण्याची वाटही शोधून काढली.

पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला गेला. वायरचे काळे टोक कापून नवे दाबून बसवले, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला, वरून ग्रीस लावले आणि दिव्याचे रबर बदलले. पंपाला हात लावण्याची गरज पडली नाही.

दुपारी मीटरच्या लांब वायरी पुढच्या आसनापर्यंत ओढून घेऊन मिस्त्री आणि शिक्षक फुलेवाडीच्या बाजूने गाडी बाहेर काढतात. पाऊस सुरू आहे. कळे मागे पडते, गाडी तापलेली आहे, निघाल्याला चाळीस मिनिटे झाली आहेत, आणि शिक्षक मांडीवरच्या मीटरचा आकडा मोठ्याने वाचतात: शून्य पूर्णांक एक.