पातेल्यावरचं नाव

नमस्कार. मी लिहीत असलेल्या कादंबरीवर बोलायला मला इथं बोलावलंय, आणि पत्रिकेवर "विनोदी कादंबरी" असं छापलंय, म्हणून पुढच्या ओळीतल्या दोघीतिघी आत्तापासून हसायच्या तयारीनं बसल्यात. हसू येईल, पण आधी हे पातेलं बघा. घरून आणलंय मी. ताई, तुम्ही जरा हातात घ्या, उलटं करा आणि काठाखाली काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. "लग्नात मामांकडून सप्रेम भेट", खाली तारीख. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. आपल्या सगळ्यांच्या घरात असली भांडी आहेत, दुकानात विचारायचेच ना, "नाव घालायचं का?", आणि मग ते मशीन टर्रर्र करत फिरायचं, दात शिवशिवायचे. माझी अख्खी कादंबरी या टर्ररमधनं निघालीय.

मी एकतीस वर्षं इथं सांगलीत वकिलांकडं टायपिंग केलं. आधी मशीनवर, कार्बन घालून, नंतर कॉम्प्युटरवर. हिरव्या लेजर पेपरवर किती अर्ज, किती कैफियती, किती प्रतिज्ञापत्रं टाईप केली त्याची मोजदाद नाही. त्यात घटस्फोटाचे अर्ज पुष्कळ. आज मी कुणा पक्षकाराची गोष्ट सांगणार नाही, ते मी कधीच केलेलं नाही, कादंबरीतली माणसं मी मनानं घडवलीत. पण काम करताना एक गोष्ट मला कायम दिसत आली ती अशी की घटस्फोटाच्या अर्जात सगळ्यात खरं बोलतं ते शेवटी जोडलेली यादी. आधीची दहा पानं वकिलाची भाषा असते, "अर्जदार हिस जाबदार याने वेळोवेळी" वगैरे, ती सगळ्या अर्जांत सारखीच. यादी मात्र बाईची असते. ती समोर बसून सांगायची आणि मी टाईप करायची, पाटल्या एक जोड, मोहनमाळ, चांदीचं ताट, लोखंडी कपाट आरशाचं, पितळी घंगाळ, आणि सांगता सांगता मधेच थांबायची आणि म्हणायची, "घंगाळावर आज्जीचं नाव आहे बघा, ते लिहा."

आता श्रीमंत घरातली बाई का, हे मला सगळे विचारतात. गरिबाच्या घरातली घ्यायची की, तिला दुःख जास्त. तर त्याचं उत्तर आपल्या जुन्या शब्दातच आहे. काडीमोड. कितीतरी जातींत पंचांसमोर काडी मोडली की झालं, बाई मोकळी, पुढं पाट लावायलाही मोकळी, आणि तो रिवाज १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंसुद्धा राखून ठेवला, कलम २९ मध्ये. म्हणजे ज्यांच्याकडं वाटायला काही नव्हतं त्यांच्याकडं मोकळं व्हायची वाट होती. वाड्यात ती नव्हती. वाड्यातल्या बाईनं तिथंच राहायचं, माडीवर राहायचं, देवघरात राहायचं, पण राहायचं. त्यामुळं वाड्यात पहिल्यांदा घटस्फोट शिरतो तेव्हा कसं वागायचं हेच कुणाला माहीत नसतं, सासऱ्यांना नाही, दिवाणजींना नाही, स्वयंपाकाच्या मावशींना तर नाहीच नाही, आणि माणसाला कसं वागायचं कळेनासं झालं की विनोद आपोआप तयार होतो, तो करावा लागत नाही.

माझी नायिका तासगावकडच्या एका मोठ्या बागायतदाराची बायको आहे. द्राक्षबाग, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, दारात तीन गाड्या. माहेरचं नाव शालन. लग्नात नाव बदललं, राजलक्ष्मी झाली. आणि घरात दोन्हीतलं एकही नाव कुणी घेत नाही, सगळे म्हणतात वहिनीसाहेब, नवरासुद्धा नोकरांना सांगतो "वहिनीसाहेबांना विचार", आणि थेट तिच्याशी बोलताना नुसतं "अगं". सव्वीस वर्षं. शाळेच्या दाखल्यावर शालन, आधारला राजलक्ष्मी, पॅनकार्डावर शालन, सातबाऱ्यावर राजलक्ष्मी, आणि बँकेत एक खातं दोन्ही नावांचं मिळून, त्यातही स्पेलिंग चुकलेलं. वकील तिला पहिल्या भेटीत म्हणतात, "बाई, घटस्फोट नंतर बघू, आधी तुम्ही एकच बाई आहात हे सिद्ध करू." हे वाक्य हसायचं आहे आणि खरंही आहे, एकच बाई असल्याची असली प्रतिज्ञापत्रं मी ढिगानं टाईप केलीत.

आता कायद्याचं थोडं सांगते, कारण ते न समजता विनोद समजायचा नाही. आपल्याकडं लग्न मोडलं की नवऱ्याच्या कमाईत बायकोचा अर्धा वाटा, असं काही नाही. सिनेमात बघून बऱ्याच जणींना वाटतं. गोव्यात जुन्या पोर्तुगीज कायद्यामुळं दोघांची मिळकत एकत्र धरतात, ते सोडा. आपल्याकडं पोटगी आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ ची खटला चालू असतानाची आणि २५ ची कायमची. मिळकतीत वाटा द्यायचं विधेयक २०१३ ला राज्यसभेनं मंजूर केलं होतं, लोकसभेत रखडलं आणि रद्द झालं. म्हणजे सव्वीस वर्षं जिनं घर सांभाळलं, बागेच्या मजुरांचे डबे सांभाळले, भावकी सांभाळली, तिच्या हातात काय राहतं तर स्त्रीधन आणि पोटगी. स्त्रीधनाबद्दल मात्र सुप्रीम कोर्टानं १९८५ ला प्रतिभा राणीच्या खटल्यात स्वच्छ सांगितलंय, ते बाईचं आणि फक्त बाईचं, नवऱ्याच्या कपाटात असलं तरी तो नुसता राखणदार.

पण ते तुझं आहे हे दाखव, म्हटलं की पंचाईत. श्रीमंताघरच्या सोन्याला पावती नसते. सोनं घरच्या सोनाराकडं घडवलेलं, वहीत नोंद नाही, अर्धं सासूनं घातलेलं, अर्धं मोडून नवं केलेलं. माझ्या शालनच्या अंगावर साठ तोळे आणि पुरावा शून्य. पुरावा आहे तो भांड्यांना! माहेरची गरिबी होती हो, प्रत्येकानं आपापल्या ऐपतीनं एकेक भांडं दिलं आणि प्रत्येकानं नाव घालून दिलं, कारण गरीब माणूस आहेर देतो तेव्हा तो कुणी दिला हे लोकांना कळावं एवढी त्याची इच्छा असतेच, त्यात गैर काय. कोर्टात कोट्यवधीची गोष्ट चाललीय आणि कागदानिशी सिद्ध होतंय ते आत्यानं दिलेलं चार शेराचं पातेलं. हा प्रसंग लिहिताना मी खूप हसले आणि मग बराच वेळ लिहू शकले नाही.

कादंबरीचा मुख्य घोटाळा मात्र जमिनीचा आहे. या नवऱ्यानं पंधरा वर्षांपूर्वी सहा एकर द्राक्षबाग बायकोच्या नावावर घेतली. प्रेमानं नव्हे, भावकीच्या वाटणीतनं बाजूला राहावी म्हणून. आपल्या भागात हे कुणाला नवीन नाही, माना हलवताय तुम्ही. आता घटस्फोट आल्यावर त्याला वाटतं, बाग माझी, पैसे मी घातलेत. बायकोचे वकील म्हणतात, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ बघा, बाईकडं असलेल्या मिळकतीची ती पूर्ण मालक. तो म्हणतो नाव नुसतं तिचं. बेनामीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर मिळकत घ्यायला बंदी घालणारा कायदा १९८८ चा, २०१६ ला कडक केलेला, त्यात बायकोच्या नावावर घ्यायला सूट आहे, पण पैसा आपल्या उघड कमाईतला पाहिजे. मग सांग की पैसा कुठनं आणला. आणि तो सांगायला उठतो तेव्हा मागच्या बाकावर त्याचे दोन सख्खे भाऊ वह्या घेऊन बसलेत! पैसा एकत्र कुटुंबातला म्हणावा तर बागेत भावांचे हिस्से, आपला म्हणावा तर त्या वर्षी वाटणीच्या वेळी "माझ्याकडं दमडी नाही" असं लिहून दिलंय त्याचं काय, आणि गप्प बसावं तर बाग बायकोची. मला वाटतं हे प्रकरण वाचून सांगली जिल्ह्यातला प्रत्येक माणूस पोट धरून हसेल, कारण प्रत्येकाला असा एकतरी माणूस माहीत आहे. त्यात भर म्हणजे रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात २०२० ला सुप्रीम कोर्टानं पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपापल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं, त्यामुळं गड्याला सगळं लिहूनच द्यावं लागतं. हरिपूरला हळदीची पेवं होती ना, जमिनीखाली हळद साठवायची, आत हवा कोंदलेली, म्हणून पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत, आधी कंदील सोडून बघत विझतो का. असल्या घरातल्या कागदांचं तसंच असतं.

विनोदाबद्दल एक मला मनापासून बोलायचंय, आणि सांगलीत बोलायचंय, कारण १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर केलं आणि इथल्याच हरिपूरच्या देवलांनी संशयकल्लोळ लिहिलं. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे खातंपितं जोडपं. रस्त्यात रेवती नावाच्या तरुणीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, तेवढं कृत्तिका बघते, तिथं पडलेली एका परक्या पुरुषाची तसबीर उचलते, आणि मग दोघंही एकमेकांचा संशय घेत राहतात. मूळ फ्रेंच, मोलिएरचं, पण देवलांनी ते असं आपलं केलं की शंभर वर्षांनंतरही प्रयोग लागतो. मी ते नाटक किती वेळा बघितलंय! आणि बघताना दर वेळी जाणवायचं की तिथला विनोद गैरसमजाचा आहे, म्हणून संशय फिटला की सगळं गोड होतं. माझ्या वाड्यात गैरसमज कुणाचाच नाही. नवऱ्याची मिरजेतली भानगड सगळ्यांना माहीत आहे, ड्रायव्हरला तर पत्त्यासकट. सगळं सगळ्यांना माहीत आहे आणि कागदावर काहीच नाही, माझा विनोद तिथनं सुरू होतो. देवलांच्या वाटेवरनंच मी निघालेय, फक्त त्यांनी पडदा पाडला त्याच्या पलीकडनं.

आणि बायकांवर केलेल्या विनोदाचा मला राग आहे, खरा राग. घटस्फोट घेणारी श्रीमंत बाई म्हटलं की ठरलेलं, नटवी, किटी पार्टी, भांडकुदळ, नवऱ्याला लुबाडणारी. एकतीस वर्षांत माझ्या टेबलासमोर असली बाई बसली नाही. बसल्या त्या पदर सावरत खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाणी द्या म्हणायलाही संकोचल्या. म्हणून मी स्वतःला एक नियम घातलाय की शालनवर वाचकाला हसू द्यायचं नाही, शालन हसली की तिच्याबरोबर हसू द्यायचं. ती पहिल्यांदा हसते एकशेदहाव्या पानावर, तोवर वाचकाला धीर धरावा लागेल.

ते पान सांगते. सहमतीचा अर्ज करायचं दोन्हीकडनं ठरतंय, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब, १९७६ ला आलेलं. त्यात एक वर्ष वेगळं राहिल्याची अट, आणि अर्जानंतर सहा महिने थांबायचं, ते २०१७ पासून कोर्टाला योग्य वाटलं तर माफ होऊ शकतं. आता वेगळं राहायचं म्हणजे घर सोडायचं का? तर १९९१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की एका छपराखाली राहूनसुद्धा नवराबायको म्हणून नांदत नसाल तर ते वेगळंच राहणं. वकील हे समजावून सांगतात, दोघांचा एकत्र सहवास नाही, बोलणं नाही, जेवण वेगळं, आणि ती ऐकत ऐकत हसायला लागते. पदर तोंडाशी धरून हसते, थांबतच नाही. वकील घाबरतात. ती म्हणते, "साहेब, मग आम्ही तेवीस वर्षं वेगळं राहतोय की. अर्जात किती वर्षं लिहायची?"

पुकाऱ्याचा प्रसंगही लिहून झालाय. अर्जात नाव "शालन ऊर्फ राजलक्ष्मी" असं. शिपाई दारात येऊन ओरडतो, "शालन... हाजर हैऽऽ". ती बाकावर बसूनच. दुसऱ्यांदा ओरडतो. ती शेजारच्या बाईला म्हणते, "कुठं गेली असेल हो बिचारी, दावा काढून टाकतील तिचा." तिसऱ्यांदा मात्र शिपाई कंटाळून नुसतंच "ए शालन" म्हणतो, वडील बांधावरनं हाक मारायचे तसं, आणि ती ताडकन उठते.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, काकू, शेवटी ती जिंकते का. बाग तिला मिळते का हे सांगत नाही, ते वाचा. शेवटचं प्रकरण मात्र सांगते कारण ते या पातेल्याचं आहे. तडजोड होते, कोर्ट कमिशनर वाड्यावर येतात, यादीप्रमाणे एकेक वस्तू ओसरीवर मांडायची, खूण पटवायची, सही करायची. दुपारचं ऊन, मावशी आतबाहेर करतायत, कमिशनरसाहेबांना जेवायला वाढायचं का आणि कुणाच्या बाजूनं वाढायचं हे त्यांना कळत नाही. चाळीस वस्तू होतात. एक्केचाळिसावं पातेलं. नवरा वैतागतो, म्हणतो, "असली पातेली शंभर आहेत घरात, हे हिचंच कशावरनं?" कमिशनर म्हणतात, "नाव असेल तर वाचा, मी लिहून घेतो." तो पातेलं उलटं करतो, उजेडाकडं धरतो. चष्मा गाडीत राहिलाय. ती आपला चष्मा काढून देते. तो लावतो, ठिपक्यांवरनं बोट फिरवतो आणि वाचायला लागतो, अडखळत, "चि... शालन हिच्या..." आणि थांबतो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

कमिशनर मान वर न करता म्हणतात, "पुन्हा सांगा. नाव नीट ऐकू आलं नाही."