बुटकी खुर्ची आणि दोन वर्षे लांबलेला शस्त्रसंधी

नमस्कार. 10 ऑगस्ट 1951 या दिवशी कोरियातील केसाँग येथे कोरियन युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटींसाठी आलेले दोन्ही बाजूंचे लष्करी अधिकारी समोरासमोर बसले आणि सलग 2 तास 11 मिनिटे कोणी चकार शब्द काढला नाही. त्याआधी महिनाभर, पहिल्याच बैठकीत, संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे अमेरिका आणि दक्षिण कोरियाच्या, बाजूचे प्रमुख अ‍ॅडमिरल टर्नर जॉय यांना मुद्दाम बुटकी खुर्ची देण्यात आली होती. त्यांनी टेबलावर लहानसा ध्वज ठेवला, तर मधल्या सुट्टीनंतर समोर, उत्तर कोरिया आणि चीनच्या बाजूला, त्याहून सहा इंच उंच ध्वज उभा होता. हा पोरकटपणा म्हणून सोडून देऊ नये, असे मला वाटते. जी लढाई रणांगणावर जिंकता येत नाही, ती निदान टेबलावर हरल्यासारखी दिसू नये, ही धडपड त्या ध्वजात आहे आणि पुढची दोन वर्षे तिनेच खाल्ली.

25 जून 1950 रोजी सुरू झालेले हे युद्ध वर्षभरात 38 अक्षांशाच्या, म्हणजे दोन्ही कोरियांमधल्या मूळ सीमेच्या, आसपास येऊन थबकले होते. पूर्ण विजय आपल्या आवाक्यात नाही, हे वॉशिंग्टन, पेकिंग (आजचे बीजिंग) आणि मॉस्को या तिन्ही राजधान्यांना कळून चुकले होते. म्हणूनच जमिनीचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला आणि नोव्हेंबर 1951 मध्ये सीमांकनाच्या रेषेवर सहमती झाली. मग उरलेले वीस महिने माणसे कशासाठी मरत राहिली?

युद्धकैद्यांसाठी. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार लढाई थांबताच सर्व कैद्यांना मायदेशी पाठवायचे असते. अमेरिकेने भूमिका घेतली की ज्याला परत जायचे नाही, त्याला जबरदस्तीने पाठवणार नाही. एप्रिल 1952 मध्ये छावण्यांतील कैद्यांना विचारणा झाली, तेव्हा सुमारे 1,32,000 पैकी फक्त 70,000 जणच परत जाण्यास तयार असल्याचा आकडा समोर ठेवला गेला. चीन आणि उत्तर कोरियाच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे जगासमोर थोबाडीत होती. त्या छावण्यांमध्ये कैद्यांवर साम्यवादविरोधी गटांची दहशत होती, हेही खरे. त्यामुळे ‘स्वेच्छा’ या शब्दाची बाजू मी आंधळेपणाने घेणार नाही. मात्र या काळात तोफा थांबल्या नाहीत. या युद्धातील अमेरिकेच्या एकूण हताहतांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक चर्चा सुरू झाल्यानंतरचे आहेत.

कोंडी फोडणारी कल्पना भारताने मांडली. परत जाण्यास नकार देणारे कैदी शत्रूच्या ताब्यात ठेवायचे नाहीत आणि मायदेशी ढकलायचेही नाहीत, तर एका तटस्थ आयोगाच्या हाती सोपवायचे, असा भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांचा ठराव डिसेंबर 1952 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केला. सोव्हिएत संघाने तो झिडकारला, चीननेही नाकारला. मात्र 5 मार्च 1953 रोजी स्टालिनचे निधन झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी बरीचशी त्याच धर्तीची सूचना स्वतःहून पुढे केली. मॉस्कोला हे युद्ध आवरायचे होते आणि माघार न दिसता मागे येण्याची वाट कागदावर आधीच तयार होती. मला यातले मर्म इथे दिसते: तोडगा मांडला गेला तेव्हा निरुपयोगी वाटला, पण वेळ आली तेव्हा तो हाताशी होता.

सर्वांत मोठा धोका मात्र मित्राकडूनच आला. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी 18 जून रोजी सुमारे 27,000 कैदी परस्पर सोडून दिले. आपल्या देशाची फाळणी महासत्ता आपल्या डोक्यावरून पक्की करत आहेत, ही त्यांची वेदना खोटी नव्हती. 27 जुलै 1953 च्या शस्त्रसंधीवर दक्षिण कोरियाची सही नाही. परत न जाणाऱ्या कैद्यांची राखण तटस्थ आयोगाच्या वतीने भारतीय सैनिकांकडे आली, पण ऱ्ही यांनी त्यांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून आपल्या जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.

या आयोगाचे अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या आणि कैद्यांच्या राखणीला गेलेल्या भारतीय तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल थोरात. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि गोळीबार न होता त्याची सुटका झाली. बावीस हजारांहून अधिक कैदी या तुकडीच्या ताब्यात होते. त्यांतल्या 88 जणांनी दोन्ही बाजूंकडे जाण्यास नकार दिला आणि फेब्रुवारी 1954 मध्ये ते आपल्या जवानांबरोबर जहाजाने भारतात आले.