दुखणं पोटात, कारण भलतीकडे

(दृश्य: पहाट. ससूनच्या आवारात शिरणारी जीप.)

पावसाळ्यात मुळशी-वेल्ह्याकडून असा एखादा पेशंट पुण्यात येतो. पोटात कळा, दोन उलट्या. घरच्यांनी ओवा-सोडा देऊन झालेला असतो. "रात्री काय खाल्लं होतंस?" हे सगळेच विचारतात. जाणता डॉक्टर विचारतो, "झोपला कुठे होतास?"

जमिनीवर सतरंजी टाकून झोपला असेल, तर तो आधी पेशंटच्या पापण्या बघतो. मण्यार रात्री फिरते. तिचे दात एवढे बारीक, की झोपेत चावल्याचं कळत नाही. सूज नाही, पुष्कळदा खूणही नाही. पहिली तक्रार पोटाचीच. मग डोळे मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं, पोराची झोप झाली नाही. इथेच घात होतो, कारण पुढे गिळणं अवघड होतं आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं, पण मण्यारीच्या पेशंटला व्हेंटिलेटरही लागू शकतो. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी त्यामानाने फारच स्वस्त.

(दृश्य: पेठेतला वाडा. देव्हाऱ्यापुढे घट.)

आता शहरात येऊ. नवरात्र. तिशीतली बाई, नुसत्या पाण्यावरचा उपास. चौथ्या दिवशी पोट असं दुखतं की बसवत नाही. दाबून पाहिलं तर पोट मऊ, सोनोग्राफी नॉर्मल. मग कुणीतरी म्हणतं, "टेन्शन घेतलंय." हे निदान आपल्याकडे बायकांच्या वाट्याला जरा लवकरच येतं.

(दृश्य: खिडकीत ठेवलेली लघवीची बाटली.)

ही बाटली बघा. सकाळी रंग नेहमीचा होता. उन्हात राहिली आणि दुपारी कोऱ्या चहासारखी झाली. आजाराचं नाव पॉर्फिरिया. रक्ताला लाल रंग देणारं हीम शरीरात टप्प्याटप्प्याने तयार होतं. त्यातलं एक एन्झाइम जन्मतःच कमी असलं की मधला कच्चा माल तुंबतो. एरवी निभावून जातं. पण उपास घडला, किंवा सल्फासारखं एखादं औषध पोटात गेलं, की यकृत या कामाचा वेग वाढवतं आणि झटका येतो. तपासणीचा नमुना मात्र काळ्या कागदात गुंडाळून न्यायचा, नाहीतर उजेडात तो बिघडतो. उपचार ऐकून सासूबाईंना नवल वाटेल: सलाइनमधून साखर. झटका मोठा असेल तर हेमिन नावाचं इंजेक्शन.

याच साखळीत शिसंही खोडा घालतं. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कामगाराचं पोट त्यामुळे दुखतं, आणि कधी कधी घराबाहेर न पडणाऱ्या आजोबांचंही. रक्त कमी, बद्धकोष्ठ, हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ.

"आजोबा, कुठलं भस्म-बिस्म घेता का?"

"छे, छे."

आजी काही बोलत नाहीत. उठतात, खुंटीवरचा सदरा काढतात आणि खिशातली पुडी डॉक्टरांपुढे ठेवतात.