भाडं किती आणि किंमत किती?

नमस्कार श्रोतेहो. आपल्या सांगली-मिरज-कुपवाडच्या गुंठेवारी वसाहतींत, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटांवर, घर विकायला काढलं, की गिऱ्हाईक मिळतं, पण त्या गिऱ्हाइकाला बँकेचं कर्ज मिळत नाही. कधी प्लॉट नियमित झालेला नसतो. कधी घेणारा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला असतो, पगार रोख, हातात पगारपत्रक नाही. मग बोलणी होतात, "आत्ता भाड्यानं राहा, तीन वर्षांत पैसे जमव, मग खरेदी करून देतो." हा व्यवहार वाईट नाही. ज्याला बँक दारात उभं करत नाही, अशा कुटुंबाला त्यातून हक्काचं घर मिळू शकतं, आणि विकणाऱ्याचं घरही बंद पडून राहत नाही. म्हणूनच तो नीट कागदावर यावा, अशी माझी कळकळ आहे. आज बोलतोय ते मुख्यतः विकणाऱ्यांशी.

मध्यंतरी एका ताईंनी माझ्या टेबलावर एक वही ठेवली. शाळेतली, शंभर पानी. दर महिन्याला एकच ओळ, 'घराचे १२,००० मिळाले', आणि खाली सही. घेणारा म्हणत होता, हे सगळे पैसे किमतीत धरा. ताई म्हणत होत्या, हे भाडं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. बोलणी झाली त्या दिवशी हे ठरलंच नव्हतं.

आता हेच नीट कसं लिहायचं ते बघा. समजा, घराची किंमत ३० लाख ठरली. इसार, म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ दिलेली रक्कम, ३ लाख. दरमहा १२,०००, त्यातले ७,००० भाडं आणि ५,००० किमतीपोटी. ३६ महिन्यांत किमतीपोटी जमा झाले १ लाख ८० हजार. म्हणजे खरेदीखताच्या दिवशी यायचे २५ लाख २० हजार. एवढी मोठी रक्कम तेव्हा कुठून येणार, हे घेणाऱ्याला आजच विचारा. पावतीवर भाडं आणि किंमत यांचे दोन रकाने ठेवा आणि पैसे बँकेतूनच घ्या. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं.

आपल्याकडे अशा व्यवहारासाठी वेगळा कायदा नाही. राहण्यापुरता भाडेकरार, साठेखत म्हणजे पुढं विकण्याचा करार, आणि शेवटी खरेदीखत, असा तो तीन दस्तांवर उभा राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. कागद नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते तुम्ही. ताईंची अडचण नेमकी हीच झाली.

साठेखताला लोक बिचकतात ते मुद्रांक शुल्कामुळे. ताबा देऊन साठेखत केलं, की शुल्क खरेदीखताइतकंच लागतं. पुढं खरेदीखताच्या वेळी ते वजा होतं, पण सुरुवातीलाच एवढे पैसे घालायचे म्हणून माणसं पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून मोकळी होतात. नोटरीच्या कागदानं मालकी जात नाही. आणि २००१ पासून, नोंदणी नसलेल्या साठेखताच्या जोरावर घेणाऱ्याला आपला ताबाही राखता येत नाही. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आधी घ्या, नाहीतर दस्त नोंदताना अडचण येऊ शकते. घरावर तुमचं स्वतःचं कर्ज असेल तर बँकेची लेखी परवानगी घ्या. मिळकत वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्याही घ्या.

घेणाऱ्याचे हप्ते थकले तर? "सगळे पैसे जप्त" असं एक वाक्य टाकून बरेचजण निर्धास्त होतात. इसार म्हणून स्पष्ट लिहिलेली रक्कम जप्त होऊ शकते. किमतीपोटी आलेले हप्ते मात्र सरसकट गिळता येत नाहीत, न्यायालय वाजवी भरपाईपुरतंच मान्य करतं. आणि खरं सांगू, एखाद्या हमालानं तीन वर्षं पोटाला चिमटा घेऊन भरलेला पैसा गिळावा, असं तुम्हालाही वाटू नये. किती हप्ते थकले तर करार मोडेल, नोटीस किती दिवसांची, परत किती द्यायचे आणि कधी, हे आकड्यात लिहा.

आता पुराचं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी शिरतं हे आपल्याला २०१९ आणि २०२१ नं दाखवलंय. अशा घरात घेणारा राहतोय, खरेदीखत अजून झालेलं नाही, आणि भिंत खचली. नुकसान कुणाचं? करारात वेगळं ठरलं नसेल तर मालकी जाईपर्यंत ते विकणाऱ्याचं. तेव्हा घराचा विमा चालू ठेवा, आणि दुरुस्ती कुणी करायची, पाणी उतरेपर्यंत भाडं माफ की नाही, तेही लिहून ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथं मोफत सल्ला मिळतो. सही करायच्या आधी जा, आणि जाताना मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती आणि असेल ती वही बरोबर न्या. नमस्कार.