निरंक

(दृश्य: तहसील कार्यालय, व्हरांड्यातला सूचनाफलक)

टाचण्या कमी पडल्यात, म्हणून काही कागद खळ लावून चिकटवलेत. नमुना २६, उमेदवाराचं शपथपत्र. सोनं किती ग्रॅम, गाडी कुठली, शेत कुठल्या गटात, बँकेचं देणं किती. आणि प्रलंबित फौजदारी खटले. तिथे लिहिलंय: निरंक. म्हणजे काहीच नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी या फलकावर असं काही वाचायला मिळत नव्हतं. उमेदवाराचं नाव, पक्ष, चिन्ह. संपलं.

(दृश्य: जुनी कात्रणं, न्यायालयाची इमारत)

हे बदललं एका थिंक टँकमुळे, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेमुळे. थिंक टँक म्हटलं की आपल्याला दिल्लीतलं सभागृह आठवतं आणि लांबलचक भाषणं. इथे सुरुवात केली अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी. त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर आणि त्यांचे सहकारी. १९९९ साली त्यांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मागणी एवढीच, की ज्याला मत द्यायचं त्याच्यावर खटले किती ते कळू द्या.

नोव्हेंबर २००० मध्ये उच्च न्यायालय हो म्हणालं. केंद्र सरकार अपिलात गेलं. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयही हो म्हणालं: मतदाराला हे कळणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका विषयावर मात्र एका पंगतीला बसले. ऑगस्टमध्ये वटहुकूम निघाला, लोकप्रतिनिधित्व कायद्यात ३३-ब कलम आलं. न्यायालय काहीही म्हणो, उमेदवाराने कायद्यात आहे तेवढंच सांगावं! १३ मार्च २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं.

मग पळवाट निघाली. रकाने कोरे सोडायचे. कोरा रकाना खरंही बोलत नाही, खोटंही नाही. २०१३ मध्ये रिसर्जन्स इंडिया या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने तेही बंद केलं. काहीतरी लिहावंच लागतं. म्हणून ‘निरंक’ हा शब्द.

(दृश्य: संगणक, शेजारी शपथपत्रांचा गठ्ठा)

शपथपत्रांतले आकडे संगणकावर चढवायचं काम पडद्यावर कंटाळवाणं दिसतं, आणि ते आहेही. हाताने लिहिलेलं, पुसट स्कॅन झालेलं पान. हा एक आहे की नऊ? एक शून्य निसटलं की दहा लाखांचे लाख होतात. एकेक आकडा असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या ‘मायनेता’ या संकेतस्थळावर चढतो, तेव्हा कुठे ‘इतके टक्के उमेदवार कोट्यधीश’ अशी बातमी आपल्या चहासोबत येते.

परिणाम? फौजदारी खटले जाहीर केलेले लोकसभेचे खासदार २००९ मध्ये १६२ होते, २०२४ मध्ये २५१. पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देण्याची निवडणूक रोख्यांची योजना मात्र याच संस्थेच्या याचिकेवर फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाली.

(दृश्य: पुन्हा फलक, संध्याकाळ)

कचेरी सुटायची वेळ. एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून वाचताहेत. बोट शेतजमिनीच्या रकान्यावर थांबलंय. गट क्रमांक ओळखीचा दिसतो.