कयाक म्हणजे टाकीची धाकटी बहीण

मंडळी, प्लास्टिकच्या कयाकची, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीची, गळती कशी बंद करायची, हा आजचा विषय. पण आधी जरा तुमच्या गच्चीवर चला. मराठवाड्यात गच्चीवर काळी टाकी नाही असं घर शोधून दाखवा. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं टाकी म्हणजे घरातली कर्ती बाई. आणि आपली कयाक ही तिची धाकटी बहीण. एकीत पाणी आत राहिलं पाहिजे, दुसरीत बाहेर, एवढाच काय तो फरक. (हशा)

हसलात, पण नातं खरं आहे. दोघींचं प्लास्टिक एकच, पॉलिइथिलीन. घडतातही एकाच रीतीनं. साच्यात पावडर भरायची आणि साचा भट्टीत आडवा-उभा फिरवत ठेवायचा. पावडर वितळते आणि आतून सगळीकडे बसते. म्हणून कयाकला टाकीसारखाच कुठं जोड नसतो. जोड नाही म्हटल्यावर पाणी शिरतं कुठून, ते मी सांगणारच आहे. पण नाथसागरची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, गोष्ट आधी सांगू द्या, तिच्याशिवाय पुढचं पटणार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. जायकवाडीचं पाणी पार आत गेलेलं. तुम्ही पैठणला धरणाचे 27 दरवाजे बघायला पावसाळ्यात जाता. एकदा मे महिन्यात फुगवट्याच्या काठाला जा. भेगाळलेला गाळ, बाभळीचे खुंट आणि काळ्या दगडाची खडी. गाडीपासून पाण्यापर्यंत आम्ही दोघांनी कयाक उचलून न नेता ओढत नेली. असं महिनाभर. शेपटीकडचा तळ कापडासारखा झिजला आणि एके दिवशी बोटभर भेग पडली. बुडाखाली पाणी आलं तरी मी म्हणत होतो, वल्ह्यावरून ओघळलं असेल.

मग दोन रंगांची मळून लावायची पुट्टी आणली. वाळली की दगड. पाण्यात गेलो, अर्ध्या तासात ती अख्खी सुटून हातात, जखमेची खपली निघावी तशी. उलटून पाहिली तर खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत, तिला कयाकचा कणसुद्धा लागलेला नाही. असं तीनदा झालं. पॉलिइथिलीनचा अंगचा गुणच मेणासारखा, गोंद त्यावर पसरतच नाही. कितीतरी गोंदांच्या पाकिटांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं.

जिथून घेतली त्या दुकानात गेलो. त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. ‘गेली ही साहेब, नवी घ्या.’ मंडळी, मला अजून राग आहे. आपल्या गल्लीत कल्हईवाला यायचा. फुटकी बादली तापल्या लोखंडानं सांधून देणारा यायचा, तो जळक्या प्लास्टिकचा वास मला आठवतो. आणि हजारोंची वस्तू बोटभर भेगेसाठी फेकायची?

शेवटी पैठण रस्त्यावर शेतकऱ्यांचे काळे पाइप जोडून देणारे एक काका भेटले. त्यांनी काही विचारलं नाही. ब्लेडनं कयाकच्या काठाची नखाएवढी साल काढली आणि चहाच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात सोडली. साल तरंगली. म्हणाले, ‘पीव्हीसी असतं तर बुडालं असतं. हे आपल्या पाइपाच्या जातीचं. पाइप आपण कुठं चिटकवतो? दोन्ही तोंडं तव्यावर धरायची, इतळली की दाबायची. तुम्ही काहून लेप देऊ राहिले?’ मला सांगायचंय ते एवढंच: हे प्लास्टिक चिकटत नाही, ते वितळवून एकजीव करावं लागतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगतो.

आधी गळती शोधा. कयाक दोन स्टुलांवर ठेवून आत पाणी ओता, बाहेरून कोरडी पुसा आणि कुठं घाम फुटतो ते बघा. बऱ्याचदा तळ शाबूत असतो. पाणी येतं ते निचऱ्याच्या बुचाच्या वॉशरमधून, झाकणाच्या रबरातून किंवा हँडलच्या स्क्रूच्या भोकातून. तिथं वॉशर बदलला की काम झालं.

भेगच असेल तर तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ती पुढं धावते. ट्रॅक्टरचा पत्रा जोडणारा वेल्डरही हेच करतो. मग भेग व्ही आकारात कोरा, काचपेपर मारा, स्पिरिटनं पुसा. हॉट एअर गननं कयाक आणि पॉलिइथिलीनचा रॉड दोन्ही एकदम तापवा. पृष्ठभाग ओला दिसू लागला की रॉड दाबत भरा. नुसता रॉड वितळून वर ओतला तर तो पुट्टीसारखाच सुटेल. हे प्लास्टिक सव्वाशे ते एकशे तीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. धूर निघाला म्हणजे जाळताय, गन लांब घ्या. भेग मोठी असेल तर आत स्टीलची बारीक जाळी वितळवून बसवा. काम उघड्यावर करा. निवल्यावर पुन्हा पाणी भरून बघा. आणि कयाक उन्हात टाकू नका, उन्हानं हे प्लास्टिक ठिसूळ होतं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा. आणि ओढू नका हो, दोघांनी उचला.

माझी कयाक बाहेर व्हरांड्यात उलटी ठेवली आहे, शेपटीकडचा सांधा हात लावून बघा. तिच्याशेजारी एक फुटकी बादली, गन आणि रॉड आहे. ज्यांना करून बघायचंय त्यांनी चहा घेऊन तिकडे या.