दहा रुपयांनी मोडलेला नियम

पडद्यावर बघा. खात्यातून पैसे काढण्याचा नियम, गणिताच्या भाषेत मांडलेला. मागितलेली रक्कम शिल्लकीपेक्षा जास्त नको. ‘शिल्लक’ या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक तिरकी रेघ आहे, तिचा अर्थ व्यवहारानंतरची शिल्लक. आणि या सगळ्यावर एक कायमची अट: शिल्लक शून्याखाली जाणार नाही.

ही झेड नावाची लेखनपद्धत. 1970च्या दशकाच्या अखेरीस ज्याँ-रेमाँ आब्रियाल यांच्या कामातून ती ऑक्सफर्डमध्ये आकाराला आली. प्रोग्रॅम लिहिण्याआधीच तो काय करणार हे इथे पक्कं ठरतं, आणि ते सिद्धही करता येतं.

पण खऱ्या बँकेत एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक व्यवहाराची नोंद हवी, मर्यादा हवी, शुल्क हवं. मग त्याच त्या ओळी पैसे काढण्यात येतात, भरण्यात येतात, पाठवण्यातही येतात. मूळ नियम त्यांच्यात हरवून जातो.

1997 साली पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय मांडला. सगळीकडे विखुरलेली बाब एकाच जागी लिहायची, तिला म्हणायचं आस्पेक्ट. ती कुठे कुठे लागू होते, हे सांगणाऱ्या भागाला पुढे नाव पडलं पॉइंटकट. आणि मग आस्पेक्ट मूळ प्रोग्रॅममध्ये विणायचा. शब्दही विणण्याचाच वापरला, विव्हिंग. ही कल्पना प्रोग्रॅमसाठी होती, पुढे ती स्पेसिफिकेशनमध्येही, म्हणजे प्रोग्रॅमने काय करायचं हे सांगणाऱ्या झेडसारख्या लेखनातही आली.

मला यातला पुढचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. विणल्यावर आधीची सिद्धता टिकते का?

इस्रायलच्या टेक्नियन संस्थेतले श्मुएल काट्झ यांनी आस्पेक्टचे तीन प्रकार पाडले. पहिला नुसता बघतो. व्यवहाराची नोंद ठेवली, तर शिल्लकीला धक्का लागत नाही. दुसरा अडवतो. रोजची मर्यादा संपली की व्यवहार थांबतो. शिल्लक तरीही शून्याखाली जात नाही, पण ‘मागितलेले पैसे कधी ना कधी मिळतील’ हे वचन मात्र मोडू शकतं.

तिसरा थेट आकड्यांना हात घालतो. खात्यात 500 रुपये आहेत, काढले 500. नियम पाळला गेला. मग शुल्काचा आस्पेक्ट आला आणि त्याने 10 रुपये कापले. शिल्लक उणे 10. मूळ नियमाचं एक अक्षरही बदललेलं नाही, तरी कायमची अट मोडली.

दुरुस्ती छोटी आहे. शुल्क आधीच रकमेत मिळवायचं आणि मग शिल्लकीशी ताडायचं. सिद्धता पुन्हा करायची, ती जुळते.

आता मर्यादा 10,000 धरा आणि नेमके 10,000 मागा. मर्यादा आधी तपासली तर पैसे मिळतात. शुल्क आधी मिळवलं तर होतात 10,010, आणि व्यवहार अडतो. दोन्ही आस्पेक्ट आपापल्या जागी बरोबर आहेत. आधी कोणता लावायचा, ती ओळ स्पेसिफिकेशनमध्ये अजून कुणी लिहिलेली नाही.